छेद कुठला धरायचा?

मुलीकडे कॅलिफोर्नियात जाऊन मला चारच दिवस झाले होते. २०२४ सालचा एप्रिल. रात्र आणि दिवस यांची अदलाबदल झालेली, भर दुपारी डोळे मिटायचे. मला जागं ठेवायचा उपाय म्हणून लेक भारतीय किराण्याच्या दुकानात घेऊन गेली. कढीपत्ता आणि मिरच्या घेऊन बाहेर पडलो तर दारातच घडीच्या टेबलाशी एक तरुण उभा. हातात पॅड, पॅडला दोरीनं बांधलेलं पेन. दोरी बघून मला आमचं पोस्ट आठवलं.

एक मिनिट द्या म्हणाला. एक नाही, चार अर्ज होते त्याच्याकडे, नवे कायदे मतदानाला लावायला लोकांच्या सह्या घ्यायचे, एकाखाली एक चिमटीत लावलेले. वरचा कशाचा आहे विचारलं तर म्हणाला, "चोऱ्या कमी होतील." दुसरा? "आरोग्यासाठी आहे." वाचायला मागितला तसा तो जरा गडबडला. छोट्या टायपातला मजकूर होता, माझा चष्मा पर्समध्ये. शेवटी मी सांगितलं, मी इथली नागरिक नाही. त्यानं लगेच माझ्या खांद्यावरून मागे लेकीकडे बघितलं. ती मान हलवून गाडीकडे निघाली होती.

"आई, त्याला सहीमागे पैसे मिळतात," गाडीत बसल्यावर ती म्हणाली.

"सहीमागे म्हणजे?"

"म्हणजे प्रत्येक सहीला दर असतो. शेवटची तारीख जवळ आली की दर चढतो."

"कांद्यासारखा?"

ती हसली. मी हसले नाही. चौदा वर्षांपूर्वी मीही असाच कागद घेऊन दारोदार फिरले होते, आणि त्या कागदावरची एकेक सही किती महाग पडली होती ते मला माहीत होतं.

२०१० साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. गाव सातारा जिल्ह्याच्या डोंगराकडच्या बाजूला. पुरुष मुंबईला माथाडी कामात, बायका भाताच्या खाचरांत, आणि एसटी थांब्यापासून हाकेच्या अंतरावर पाटी : 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. माझ्या वर्गातली मुलं शाळेत येताना ती पाटी वाचत वाचत जोडाक्षरं शिकली, असं मी गमतीनं म्हणायचे. गंमत फार नव्हती त्यात.

शेजारच्या जावळी तालुक्यात बायकांनी मतदान घेऊन दुकानं बंद पाडल्याच्या बातम्या येत होत्या. नियम साधा वाटत होता. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी पंचवीस टक्के लोकांनी सही करून मागणी करायची. सह्यांची पडताळणी होणार. मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. ज्याच्या डोक्यात ही चित्रं आली त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला होता. अक्षरओळख नसलेल्या बाईला यापेक्षा सोपं काय सांगणार? आपल्याकडे अशी चित्रं चांगली चालतात. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही याचा कौल घेतला तेव्हा विलीनीकरणाला फूल आणि विरोधाला दोन पानं होती. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. माझे वडील फुलाच्या बाजूचे, तिकडे मत नसताना. शेवटपर्यंत ते गोव्याचा विषय निघाला की गप्प होत.

पण चित्र शेवटी येतं. आधी सही येते.

आम्ही पाच जणी होतो. निवृत्त बाई म्हणून मी, अंगणवाडीची मदतनीस, बचतगटातल्या तिघी. संध्याकाळी भाकरी थापायच्या वेळेला जायचं, कारण त्या वेळी पुरुषमाणसं थांब्यावर असतात. कुणी चहा ठेवायचं, कुणी ओसरीवरच बसवायचं. बोलणं झालं, पटलं, पेन हातात दिलं, की मग तो प्रश्न यायचा. "बाई, ह्यो कागद कोण कोण बगणार?"

त्याचं खरं उत्तर होतं : सगळे. मतपत्रिकेवर शिक्का मारताना कुणी बघत नाही. सही मात्र नावानिशी, यादीतल्या क्रमांकानिशी. ती कचेरीत जाणार, तिथून कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, आणि पडताळणीच्या दिवशी बाईनं ओळखपत्र घेऊन चावडीवर यायचं. चावडीसमोर पार. पारावर कोण बसलेलं असतं ते सांगायला नको.

एक सून होती, माझीच विद्यार्थिनी, चौथीत असताना कविता तोंडपाठ म्हणायची. तिनं सही केली, मग दोन घरं पुढे गेलो तोवर धावत आली. "बाई, माझी सही खोडा. मालकांना कुणीतरी सांगितलं." मी खोडली. ठळक काट मारली, बाजूला माझी आद्याक्षरं घातली, पेपर तपासल्यासारखी. नंतर कळलं की खाडाखोडीमुळे त्या पानावरच्या सगळ्याच सह्यांवर शंका घेतली गेली.

आणि एक गोष्ट माझ्या पदरची. गावकुसाजवळ एक म्हातारी राहायची. एकटी. नवरा दारूनंच गेलेला, थोरला मुलगा त्याच वाटेनं. तिची सही सर्वांत आधी मिळायला हवी होती. त्या दिवशी पाऊस होता, अंधार पडायला आला होता, आमच्या त्या आठवड्याच्या हिशेबात अकरा सह्या कमी होत्या. तिला ऐकू कमी यायचं. मी ओरडून सांगितलं, "आत्याबाई, सरकारला अर्ज करायचाय, अंगठा द्या." तिनं दिला. दारूचं नाव मी घेतलं होतं का? घेतलं असेल. पण तिला ऐकू गेलं की नाही याची खात्री करायला मी थांबले नाही. पडताळणीच्या दिवशी ती काठी टेकत चावडीवर आली, साहेबांसमोर उभी राहिली आणि विचारलं, "साहेब, माजी निराधारची पेन्शन मंजूर झाली का?"

पारावर हसू फुटलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळी खाली बघितलं होतं.

किराणा दुकानाबाहेरच्या त्या पोराला तीन शब्दांत अर्ज संपवताना बघून मला राग आला, तो अर्धा याच आठवणीचा होता. त्याला दर मिळत होता. मला काही मिळत नव्हतं, तरी आकडा भरायचा होताच.

तिकडे सहा महिने राहिले. जावईबापू दिवसभर कामावर, लेक वरच्या खोलीत मीटिंगमध्ये. मला विषय चावला होता. सप्टेंबरात पोस्टानं मतदारांसाठीची जाडजूड पुस्तिका आली, शंभरावर पानांची. ती हिंदीतही मिळते हे कळल्यावर लेकीनं मागवून दिली. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षांबरोबर राज्याचे दहा प्रस्ताव होते. काही विधिमंडळानं पाठवलेले, काही लोकांनी सह्या गोळा करून आणलेले. मी शाळेची गाइडं वाचावीत तशी पेन्सिल घेऊन ती पुस्तिका वाचली.

पहिल्यांदा एका योगायोगानं मी हरखून गेले. कॅलिफोर्नियात नागरिकांना सह्या गोळा करून कायदा मतदानाला लावायचा हक्क मिळाला १० ऑक्टोबर १९११ च्या निवडणुकीत. तिथल्या रेल्वे कंपनीनं, सदर्न पॅसिफिकनं, विधिमंडळ खिशात घातलं होतं. हायरम जॉन्सन नावाचा गव्हर्नर त्याविरुद्धच निवडून आला आणि लोकांच्या हातात थेट दोरी देऊ म्हणाला. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, बायकांना मत द्यायचा की नाही हाही प्रश्न होता. तो जेमतेम ३,५८७ मतांनी पास झाला. म्हणजे पुरुषांनी एकाच दुपारी कायद्याची दोरी स्वतःच्या हातात घेतली आणि तिचं एक टोक, थोडं कुरकुरत, बायकांकडेही दिलं.

पुढे त्या दोरीचं काय झालं ते जास्त गुंतागुंतीचं आहे. साधा कायदा लोकांमार्फत आणायचा तर मागच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत जितकी मतं पडली त्याच्या पाच टक्के सह्या लागतात, राज्याची घटना बदलायची तर आठ टक्के. मी होते तेव्हाचा आकडा होता ५,४६,६५१ आणि ८,७४,६४१. मुदत १८० दिवस. सहा महिन्यांत पावणेनऊ लाख सह्या पाच बायकांनी भाकरीच्या वेळेला फिरून होणार आहेत का? नाही होत. म्हणून कंपन्या आहेत, ठेके आहेत, टेबलं आहेत, सहीचे दर आहेत. पैसे देऊन सह्या गोळा करण्यावर कोलोरॅडो राज्यानं बंदी घातली होती, ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली उडवून लावली. अर्ज घेऊन फिरणं हे बोलणंच आहे, आणि बोलण्यासाठी माणूस ठेवू नका असं सरकारला सांगता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

आणि मग २०२०. ॲपवरच्या टॅक्सी आणि खाणं पोचवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या चालकांना कामगार धरू नये म्हणून स्वतःच प्रस्ताव आणला, त्यावर वीस कोटी डॉलरच्या वर खर्च केला आणि तो जिंकलाही. रेल्वे कंपनीच्या विरुद्ध वळलेली दोरी शंभर वर्षांनी दुसऱ्या प्रकारच्या गाडीवाल्यांच्या हातात. लेकीला म्हटलं तर ती म्हणाली, "आई, पण मतं तर लोकांनीच दिली ना." ते खरंच होतं, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं.

नियम सुधारायचे तिथे प्रयत्न चालूच असतात, आणि ते वाचताना मला कचेरीतल्या परिपत्रकांची आठवण यायची. प्रत्येक कलमामागे कुणीतरी केलेला एक चावटपणा. २०१५ साली एका वकिलानं समलिंगी माणसांना ठार मारावं असा भयंकर प्रस्ताव रीतसर दाखल केला. दाखल करायची फी दोनशे डॉलर, १९४३ पासूनची. मग ती दोन हजार झाली. अर्जामागे सर्वांत जास्त पैसा कुणाचा आहे ते सही करणाऱ्याला दिसलं पाहिजे, असा नियम नंतर आला. पुरेशा सह्या झाल्यावरही ठरावीक तारखेपर्यंत अर्ज मागे घेता येतो, ही सोय २०१४ ची. ती दिसायला शहाणपणाची. २०२४ च्या जूनमध्ये कामगारांच्या दाव्यांबद्दलचा एक मोठा प्रस्ताव असाच मागे घेतला गेला, विधिमंडळाशी तडजोड झाली म्हणून. तडजोड चांगलीही असेल. पण लाखो लोकांनी ज्या कागदावर सही केली तो सौद्याच्या टेबलावर वजन म्हणून ठेवला गेला आणि मतपेटीपर्यंत पोचलाच नाही, हे मला खटकलं. आमच्या त्या सुनेची खोडलेली सही डोळ्यांसमोर आली.

सहीमागे दर देऊ नका, तासाला मजुरी द्या, ही सुधारणा मला सर्वांत सरळ वाटते. शेजारच्या ओरेगनमध्ये २००२ पासून तसंच आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं असे कायदे मंजूर केले, आणि ते २०११ मध्ये एका गव्हर्नरनं व २०१९ मध्ये दुसऱ्यानं परत पाठवले. दर तुकड्यावर ठरला की माणूस तुकडे मोजतो. हे विडी कारखान्यात विडीमागे मजुरी घेतलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

मात्र एका गोष्टीपुढे मी थबकले. तिथे सह्या तपासायला कुणी सही करणाऱ्याला चावडीवर बोलावत नाही. प्रत्येक काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, आधी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या काही सह्या निवडतात, निदान पाचशे किंवा तीन टक्के, जे जास्त असेल ते. मतदार नोंदणीच्या वेळची सही काढून त्याच्याशी ताडतात. त्या अंदाजाप्रमाणे लागणाऱ्या आकड्याच्या ९५ टक्क्यांच्या खाली पडलं तर अर्ज बाद, ११० टक्क्यांच्या वर गेलं तर पास, मध्ये अडकलं तर एकूणएक सही तपासतात. आणि मुख्य म्हणजे ते कागद सार्वजनिक नसतात. कुणी सही केली हे नवऱ्याला, मालकाला, दुकानदाराला मागून बघता येत नाही. सगळ्या राज्यांत असं नाही. वॉशिंग्टन राज्यात सह्यांची नावं उघड करावीत का यावर भांडण झालं, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की साधारणपणे उघड केली तरी घटनेचा भंग होत नाही. न्यायमूर्तींना पारासमोरून चालत जायचं नसतं.

आपल्याकडे मत झाकलेलं आणि सही उघडी. खरा धोका सहीलाच, कारण मतदान होणार की नाही ते सहीवर ठरतं. ज्याला मतदान नको असतं त्याला हे आमच्यापेक्षा आधी कळतं. आमच्या गावात धमकी अशी कुणी दिली नाही. फक्त पडताळणीच्या आदल्या दिवशी दुकानापुढे उधारीची वही उघडून बसलेला माणूस मोठ्यानं नावं वाचत होता. कुणाच्या नवऱ्याची किती बाकी. एवढंच.

तरी पंचवीस टक्क्यांचा उंबरठा आम्ही पार केला. तिथून पुढे मतदानाची तारीख लागायला किती महिने गेले ते मी सांगत बसत नाही. कचेरीच्या जिन्यावर माझी एक चप्पल झिजली. शेवटी एकदाची तारीख लागली.

आता इथे थोडं गणित. मी तीस वर्षं अपूर्णांक शिकवले. पोरांना अंश पटकन कळतो, छेदाचा घोळ होतो. तीन म्हणजे तीन भाकऱ्या, ते दिसतं. पण किती भाकऱ्यांपैकी तीन, ते सांगावं लागतं. समजा, गावात एक हजार बायका यादीत आहेत. सह्या लागणार अडीचशे. मतदानात दुकान बंद करायला मतं लागणार ५०१, मग मतदानाला कितीही बायका येवोत. कारण निम्म्याहून जास्त मतं धरायची ती आलेल्यांच्या नाहीत, यादीतल्या सगळ्यांच्या. सहाशे आल्या आणि त्यातल्या चारशे ऐंशी जणींनी बाटली आडवी केली, म्हणजे शंभरातल्या ऐंशी जणींनी, तरी दुकान उभंच. आमदार असा निवडून येतो का? सरपंच येतो? खासदार मतदान झालेल्यांत एक मत जास्त मिळालं तरी दिल्लीला जातो. देशी दारूच्या दुकानाला मात्र खासदारापेक्षा पक्कं संरक्षण.

आणि ती यादी! मुंबईला नवऱ्याजवळ राहणाऱ्या बायका आमच्या यादीत. लग्न होऊन गेलेल्या लेकी आमच्या यादीत, सासरच्या यादीतही. आणि मेलेल्या. मी स्वतः ज्यांच्या मयताला गेले होते अशा बायकांची नावं मी त्या यादीत मोजली, आणि त्या सगळ्या उभ्या बाटलीकडून होत्या.

समोरच्यांना प्रचार करायची गरजच नव्हती. बाई घरी राहिली की झालं. मतदानाच्या दिवशी सकाळी गावात दोन जीपगाड्या आल्या, पालीच्या खंडोबाला फुकट दर्शन, दुपारचं जेवण. कुणी काढली ही यात्रा, त्याचा पत्ता लागला नाही. पुण्याचं काम होतं, बायका गेल्या. काही जणी मला थांब्यावर भेटून सांगून गेल्या, "बाई, संध्याकाळच्या आत येतो की." खंडोबाला जाणाऱ्या बाईला कोण अडवणार?

ज्या आल्या त्यांच्यातल्या दर पाच जणींमागे चौघींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. आणि आम्ही एकतीस मतांनी हरलो. निकाल वाचणाऱ्या साहेबांनाच कसंतरी झालं असावं. त्यांनी आकडे दोनदा वाचले. माझ्या शेजारी उभी असलेली बचतगटातली वहिनी म्हणाली, "आपलीच मतं जास्त हायत की ओ. मग हरलो कशा?" मी तीस वर्षांची अपूर्णांकांची बाई. मला तिला समजावता आलं नाही.

छेदाची ही चलाखी एकट्या महाराष्ट्राची नाही, हे मला तिकडे पुस्तिका आणि बातम्या चाळताना कळलं. ओहायोमध्ये २०२३ च्या नोव्हेंबरात गर्भपाताच्या हक्काचा प्रस्ताव सुमारे ५७ टक्के मतांनी मंजूर झाला. फ्लोरिडात पुढच्या वर्षी, मी परत आल्यावर, तशाच प्रस्तावाला तितकीच, ५७ टक्के, मतं पडली आणि तो पडला. तिथे घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात. माणसं तितकीच, मत तेच, राज्याची हद्द ओलांडली की निकाल उलटा. ओहायोतही नोव्हेंबरच्या आधी, ऑगस्टमध्ये, उंबरठा ६० टक्क्यांवर न्यायचा आणि सह्या सगळ्याच्या सगळ्या ८८ काउंटींमधून आणायची सक्ती करायचा प्रयत्न झाला होता. लोकांनी तो हाणून पाडला. त्यांना निदान उंबरठ्यावर मत देता आलं. आम्हाला कुणी कधी विचारलं नाही की बायांनो, छेद कुठला धरू?

मी काही सगळं सोपं करा म्हणणारी नाही. दहा सह्यांवर कुणाचं दुकान बंद व्हावं असं मला वाटत नाही, दुकानात काम करणाऱ्या पोराचंही घर असतं. आणि दुकान बंद झालं की हातभट्टी येते, हे मी बघितलंय. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी आली, बायकांच्या मोठ्या चळवळीनंतर, आणि २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळानं ती उठवली. येताना मतदान नाही, जाताना मतदान नाही. त्यापेक्षा आमची हरलेली निवडणूक मला बरी वाटते. निदान मोजलं तरी.

पण आलेल्यांची मतं मोजा. हवं तर अट घाला की अमुक इतक्या बायका आल्याच पाहिजेत, त्याखाली निकाल धरू नका. सह्यांचा कागद बंद पाकिटात ठेवा, पडताळणी पारासमोर नको, घरी या किंवा शाळेत एखादी बाई अधिकारी बसवा. अर्ज दिल्यापासून मतदानापर्यंत किती दिवस, ते नियमात लिहा, म्हणजे चपला वाचतील. अर्जाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, 'दारू दुकान बंद करण्यासाठी'. शेजारी आडव्या बाटलीचं चित्र काढा. हे शेवटचं माझ्यासारख्यांसाठी, पावसात घाईनं अंगठे घेणाऱ्यांसाठी.

शहरातल्या लोकांचं आता बरं चाललंय म्हणतात. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत सांगितलं गेलं की गृहनिर्माण सोसायटीत नवं दारूचं दुकान टाकायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. वाचून मला आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला. दुकान उघडण्याआधीच विचारायचं! आमच्याकडे उघडताना कुणी विचारलं नाही, बंद करायला मात्र मुंबईच्या चाळीत राहणारीची आणि सरणावर गेलेलीचीही संमती हवी.

परत आले ती ऑक्टोबरात, भात कापणीच्या सुमाराला. माझी ती खाडाखोडवाली विद्यार्थिनी आता बचतगटाची अध्यक्ष आहे. नवरा तीन वर्षांपूर्वी वारला. कशानं ते मी विचारलं नाही. दिवाळीच्या फराळाला आली, चिवड्याची वाटी हातात घेऊन म्हणाली, "बाई, परत अर्ज करायचा का?"

"करू. पण आधी यादी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी ती मतदार यादीची झेरॉक्स घेऊन आली, सोबत नमुना सातच्या कोऱ्या प्रतींचा गठ्ठा. मयत, स्थलांतरित, दोनदा नोंदलेलं, अशी नावं वगळायला हाच फॉर्म लागतो. मी चष्मा लावला, लाल पेन काढलं. सह्या नंतर, आधी छेद. एकेक घर घेत आम्ही वाड्यावाड्यांनी खाली उतरत होतो. गावकुसाजवळच्या घराशी आलो तसं तिनं बोट ठेवलं. म्हातारी आत्याबाई. यादीप्रमाणे वय एकशे एक.

"बाई, ह्यांना जाऊन आठ वर्षं झाली की."

"हो. मयताला होते मी."

फॉर्मवर तिचं नाव, वय, यादीतला क्रमांक लिहिला. कारणाच्या रकान्यात 'मयत'. खाली अर्जदाराची सही.

"पेन्शन झाली होती का गं त्यांची?" मी विचारलं.

तिला माहीत नव्हतं. मी सही केली आणि पुढचा फॉर्म ओढला.